निर्यात नियंत्रणाचे ओझे एकट्या संशोधकावर नको



तंत्रज्ञान अडवले गेले की काय होते, हे पुण्याला सांगायला नको. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला.

आता भारत स्वतःच पहारेकऱ्यांच्या रांगेत आहे. २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गट, २०१७ मध्ये वासेनार व्यवस्था आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गट, अशा निर्यात नियंत्रणाच्या तीन आंतरराष्ट्रीय गटांत तो सदस्य झाला. नागरी आणि लष्करी असा दुहेरी उपयोग असलेल्या वस्तूंची ‘स्कोमेट’ यादी आपल्याकडे लागू आहे. त्यांच्या निर्यातीचे बहुतेक परवाने विदेश व्यापार महासंचालनालय देते. हा कारखानदारांचा विषय, असे म्हणून प्राध्यापकांना मोकळे होता येत नाही. शाई आणि रंगांच्या उद्योगात लागणारे थायोडायग्लायकॉल हे रसायन मस्टर्ड या विषारी वायूसाठीही वापरता येते, म्हणून ते नियंत्रित आहे. शिवाय पार्सलच पाठवायला हवे असे नाही. नियंत्रित तंत्रज्ञानाचा आराखडा परदेशी सहकाऱ्याला ईमेलने धाडला, तरी ती निर्यातच.

अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक रीस रॉथ यांना निर्यात नियंत्रणाचा कायदा मोडल्याबद्दल २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. हवाई दलाच्या ड्रोन प्रकल्पातली माहिती त्यांनी चीन आणि इराणच्या संशोधक विद्यार्थ्यांना हाताळू दिली होती. विद्यापीठातील निर्यात नियंत्रण अधिकाऱ्याने त्यांना आधीच सावध केले होते, हा तपशील महत्त्वाचा. विचारायला कोणीतरी होते आणि सांगणारेही होते.

पुण्यातील पीएचडीच्या विद्यार्थ्याने कोणाला विचारायचे? प्रसिद्ध झालेली माहिती आणि मूलभूत संशोधन यांना नियमांत सूट आहे, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवे. नाहीतर एक जण बेफिकिरीने सगळे पाठवून देतो आणि दुसरा धास्तीने चांगले सहकार्य सोडून देतो. दोन्हींत नुकसानच. संरक्षण खात्याच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पात तर मूलभूत कुठे संपते, हे एकट्याने ठरवणे फार अवघड.

आणखी एक सही, आणखी एक फाइल, अशी तक्रार होईल. ती खोटी नाही. म्हणूनच प्रत्येक कागद तपासणारी समिती नको. विद्यापीठात आणि मोठ्या संशोधन संस्थांत एक प्रशिक्षित अधिकारी हवा. परदेशी संस्थेशी सामंजस्य करार होण्यापूर्वीच त्याने प्रकल्प पाहावा आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. परवाना लागत असेल, तर अर्ज संस्थेच्या नावाने जावा, विद्यार्थ्याच्या नव्हे.

– एक वाचक, पुणे