कूलंट भरलं, पण एअर काढली का?

गाडीच्या बिलावर कूलंटचे लिटर लिहिलेले असतात, मजुरी लिहिलेली असते. सिस्टीममधली एअर काढली का आणि कशी काढली, याची ओळ मात्र दुसऱ्या गॅरेजच्या बिलावर मला क्वचितच दिसते. पुण्यात माझं छोटं गॅरेज आहे. इंजिन सीटच्या मागे असलेल्या स्पोर्ट्स कार माझ्याकडे बऱ्याच येतात. या गाड्यांपुरतं तरी माझं मत ठाम आहे: एअर न काढता गाडी मालकाच्या ताब्यात देणं म्हणजे अर्धं काम करून पूर्ण पैसे घेणं. त्याची किंमत पुढे मालक मोजतो, आणि ती लाखात असते.

उदाहरण पोर्शे बॉक्स्टरचं घेतो. तिची पहिली पिढी, म्हणजे ९८६, माझ्या लिफ्टवर सगळ्यात जास्त वेळा चढली आहे. त्याच कंपनीच्या ९११ चं इंजिन १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाऱ्यावरच थंड व्हायचं, त्यामुळे तिथे कूलंटचा प्रश्नच नव्हता. १९९६ मध्ये बॉक्स्टर आली ती पाण्यावर थंड होणारं इंजिन घेऊन. इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, एक डावा, एक उजवा. बॉक्स्टर एसमध्ये मध्ये तिसराही असतो. या दोन टोकांना जोडणारे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. साध्या हॅचबॅकच्या तिप्पट तरी कूलंट तिच्यात मावतं. पाइप कुठे वर चढतो, कुठे खाली उतरतो, आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर हवेला बसायला जागा मिळते.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरून लांबच्या वावरात पाइपलाइन नेली की उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवावाच लागतो, नाहीतर मोटर चालू असूनही टोकाला पाणी पोहोचत नाही. बॉक्स्टरची पाइपलाइन तशीच आहे, फक्त तिच्या टोकाला ऊस नाही, ॲल्युमिनियमचं इंजिन आहे.

ही हवा करते काय? पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त असते. सिलिंडर हेडच्या एखाद्या कोपऱ्यात बुडबुडा अडकला की तिथल्या धातूला कूलंट शिवतच नाही. तेवढीच जागा तापते, आजूबाजूच्या कूलंटची वाफ होते आणि बुडबुडा आणखी मोठा होतो. वॉटर पंपात हवा शिरली तर पंखा नुसता फिरत राहतो, ढकलायला त्याच्यापुढे काही नसतं. सगळ्यात वाईट गोष्ट तापमानाच्या सेन्सरची. तो कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल तर आत हेड भाजत असतानाही डॅशबोर्डवरचा काटा शांत बसून राहू शकतो. मालक काट्यावर विश्वास ठेवून एक्स्प्रेस वेवर गाडी पळवतो. मग हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं आणि फेसिंगला जातं.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक बॉक्स्टर आली. एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमधून नवा वॉटर पंप बसवून घेतलेली. मालक म्हणाले, "साहेब, घाट चढताना काटा वर जातो, आणि बंद केल्यावर डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ आवाज येतो." तो आवाज ऐकला की मला स्कॅनर लावायची गरज वाटत नाही. इंजिन गरम करून मी हीटर पूर्ण गरमवर टाकला. जाळीतून गार हवा. म्हणजे हीटरच्या कोअरमध्ये कूलंट पोहोचलेलंच नव्हतं. जर्मनीत हा दोष थंडीतल्या पहिल्याच सकाळी मालकाला कळला असता. पुण्यात हीटर लावतो कोण? त्यामुळे आपल्याकडे ही खूण महिनोन्महिने लपून राहते. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून दोन्ही रेडिएटरच्या पाइपांना हात लावला. डावीकडचा हात ठेवता येणार नाही इतका गरम, उजवीकडचा कोमट. दोन रेडिएटरपैकी एकच काम करत होता. पंप चांगला होता, बसवलाही नीट होता. फक्त शेवटचा टप्पा कुणी केला नव्हता.

तो टप्पा आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी केला, कारण व्हॅक्युम लावायचा तो थंड इंजिनाला. गरम कूलंट कमी दाबाखाली लगेच उकळू लागतं. टाकीचं झाकण काढून तिथे रबरी बूच बसवायचं, त्याच्यावर गेज आणि दोन नळ्या. कॉम्प्रेसरची हवा एका अरुंद तोटीतून सुसाट बाहेर सोडली की ती सिस्टीममधली हवा आपल्याबरोबर ओढून नेते. काटा चढू लागतो आणि बघता बघता इंजिनजवळचे जाड होज पाइप पिचकून चपटे होतात. काटा पंचवीस इंचांच्या आसपास आला की व्हॉल्व्ह बंद करायचा आणि थांबायचं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे काट्याची कमाल मर्यादा मुंबईपेक्षा थोडी कमीच असते, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. काटा जागचा हलला नाही तर मोठी गळती नाही. घसरला तर आधी गळती शोधायची. अर्थात व्हॅक्युममध्ये पाइप तोटीवर आवळले जातात, म्हणून दाब देऊन करायची चाचणी मी तरीही वेगळी करतो. मग दुसरी नळी कूलंटच्या कॅनमध्ये बुडवून व्हॉल्व्ह उघडायचा. कॅन घटाघटा रिकामा होतो आणि चपटे पाइप एकेक करून पुन्हा गोल होतात. गॅरेजमधली पोरं हातातलं काम टाकून ते बघायला येतात, आणि मी त्यांना येऊ देतो.

हे साधन नसेल तर काम अडतं असंही नाही. ९८६ मध्ये कूलंटच्या झाकणाशेजारी, प्लास्टिकच्या कव्हरखाली एक छोटा व्हॉल्व्ह आहे. त्याची तारेची कडी उभी केली की तो उघडा राहतो. कडी उभी ठेवून कूलंट भरायचं, हीटर चालू करायचा, इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास चालवत पातळी खाली जाईल तसं वरून घालत राहायचं. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या एमआर-टूमध्ये पुढच्या बाजूला हवा काढायचे व्हॉल्व्ह दिलेले आहेत. त्यांना पारदर्शक नळ्या जोडून त्या उंच टांगायच्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत बघत राहायचं. १९७२ च्या फियाट एक्स-वन-नाइनमध्ये त्यासाठी रेडिएटरच्या डोक्यावर एक स्क्रू आहे. म्हणजे या गाड्या बनवणाऱ्यांना प्रश्न माहीत होता आणि त्यांनी वाट करून ठेवली होती. शर्यतीच्या गाड्यांत तर कूलंट गोल टाकीत तिरपं सोडून भोवऱ्यासारखं फिरवतात. हवा मधोमध गोळा होते आणि वरच्या टाकीकडे निघून जाते.

आपल्याकडे काय होतं? गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा. मला याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट काढल्याने हवा जात नाही. उलट इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि खरा दोष झाकला जातो. कित्येक जपानी थर्मोस्टॅटच्या चकतीवर बारीक भोक असतं आणि त्यात एक हलणारी पिन असते. बंद थर्मोस्टॅटमागे अडकलेल्या हवेला तेवढी वाट मिळते, पण पिन वरच्या बाजूला ठेवून बसवला तरच. ती पिन खाली करून बसवलेले थर्मोस्टॅट मी कितीतरी काढले आहेत. बोअरचं पाणी भरणं हा आणखी एक घातक प्रकार. त्यातल्या क्षारांचा थर आतून बसत जातो.

मेकॅनिकला एकट्याला दोष देऊन मात्र चालणार नाही. या कामाला अर्धा दिवस लागतो, आणि इंजिन थंड होण्यात जाणारा वेळ वेगळाच. मालकाला गाडी संध्याकाळी हवी असते. बिलात अर्ध्या दिवसाची मजुरी दिसली की घासाघीस सुरू होते. "फक्त पाणी भरायला एवढे पैसे?" हे मी लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. मालकाने ही मजुरी मान्य करावी आणि गॅरेजने ती बिलात स्वच्छ शब्दांत लिहावी. दोन्ही बाजूंनी हे झालं नाही तर घाईचं कामच होत राहणार.

तिसरी बाजू कंपन्यांची. प्रत्येक मॉडेलची हवा काढायची पद्धत वेगळी असते आणि ती वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. पण ते मॅन्युअल आमच्यासारख्या स्वतंत्र गॅरेजच्या हाती सहज लागत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या, असा तो आदेश होता. दंडाचा वाद पुढे न्यायालयांत गेला. २०२२ च्या अखेरीस केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत वाहन क्षेत्रही आहे. माझी मागणी फार मोठी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं कूलंट कसं भरायचं आणि हवा कशी काढायची, एवढी पानं तरी कंपन्यांनी सगळ्यांसाठी खुली करावीत. त्यात कसलं व्यापारी गुपित नाही. आयटीआयमधून येणाऱ्या मुलांच्या हातात शिकतानाच व्हॅक्युम गेज पडला पाहिजे, हीदेखील मागणी आहे.

तोवर वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या गाडीचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे आहे त्यांनी, एवढं करावं. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर किंवा कूलंटचा पाइप, काहीही उघडलं गेलं असेल तर गाडी ताब्यात घेताना एअर कशी काढली ते विचारा. गॅरेजमध्येच इंजिन गरम करून हीटर लावून बघा, गरम हवा आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतली पातळी तपासा. ती उतरली असेल तर आत हवा होती आणि तिची जागा कूलंटने घेतली, किंवा कुठेतरी गळतंय. दोन्ही बाबतींत गाडी घाटात न नेता आधी परत गॅरेजला न्या. आणि वाटेत काटा लाल रेषेकडे गेलाच तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि निवू द्या. टाकीत एक बार दाब असला की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवल्याबरोबर तो दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. गरम इंजिनाचं झाकण कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका.