नावाबाहेर राहिलेले

आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या एका लहानखुऱ्या कुरंगाला 'डायकर' म्हणतात. मूळ डच शब्दाचा अर्थ 'बुडी मारणारा'. चाहूल लागताच तो झुडपात सूर मारतो. हे नाव जिवंत प्राण्याच्या हालचालीतून आले. आपल्याकडील 'चौशिंगा' या कुरंगाचे तसे नाही. 'चार शिंगे आहेत ज्याला तो' असा बहुव्रीहीचा विग्रह सांगून आपण वर्गात पुढे सरकतो. वास्तविक शिंगे फक्त नराला असतात, मादी बिनशिंगी. 'टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस' हे शास्त्रीय नावही ग्रीक आणि लॅटिनमध्ये दोनदा शिंगेच मोजते. निम्मी जात नावाबाहेरच राहिली.

प्राण्याला त्याचे सोयरसुतक नाही, माणसांना असते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील कातकरी समाजाचे नाव खैराचा कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. तो व्यवसाय बहुतांशी संपला, नाव उरले. कंदमुळे, मासे, खेकडे, वनौषधी यांचे त्या समाजाचे ज्ञान या नावात कुठेच नाही. म्हणून व्युत्पत्ती शिकवताना विग्रहापाशी थांबणे अपुरे आहे. नाव देणाऱ्याला काय दिसले नाही, हा प्रश्नही भाषेच्या अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे.