विश्लेषण : हिंगोलीतील पायी वारीसाठी साइडपट्टी का महत्त्वाची?

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, नर्सी नामदेव, औंढा नागनाथ, जवळा बाजार मार्गे जाते.

स्वतंत्र पालखी महामार्ग का नाही?
आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या पालखी महामार्गांचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. त्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथांची तरतूद आहे. शेगाव-पंढरपूर महामार्ग मात्र लोणार, मंठा, माजलगाव असा जातो. हिंगोली जिल्ह्याला तो लागत नाही. त्यामुळे येथे वारकरी नेहमीच्या रस्त्यानेच चालतात.

साइडपट्टी खचते कशामुळे?
काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावरील डांबराची कड तुटते आणि पहिल्याच पावसात चिखल होतो. मग दिंडी डांबरावर येते, त्याच डांबरावर मागून ट्रकही येतात.

उपाय काय?
मुरूम टाकून रोलर फिरवणे, नाल्या मोकळ्या करणे, झुडपे तोडणे. कामे छोटी आहेत, पण वेळ महत्त्वाची. पालखी साधारण ज्येष्ठात, मृगाच्या पावसात येते. ओल्या मातीवर टाकलेला मुरूम टिकत नाही. म्हणून कामे वैशाखातच संपायला हवीत. वारी पुढे गेल्यावरही याच पट्टीवरून शाळकरी मुले आणि शेतमजूर वर्षभर चालतात.