पुस्तक साठाचे, टपाल नव्वदाचे

‘चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण वर्गात आली की मुले हसतात. आणि तीच मुले मोबाइलवरून ६० रुपयांचे जुने पुस्तक मागवून टपालाचे ९० रुपये निमूट भरतात! किंमत उतरवून दाखवायची नि तूट टपालात भरून काढायची, एवढेच त्यातले गुपित.

वाचकहो, पुस्तकांपुरता एक उपाय आहे. टपालखात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. (नियतकालिके त्यात चालत नाहीत, म्हणजे हा दिवाळी अंक बाद!) पार्सल जमिनीवरून, सावकाश येते, पण पुस्तक म्हणजे काही नासणारा आंबा नव्हे. मागणीआधीच विक्रेत्याला तसे विचारावे. छोटा पुस्तकवाला बहुधा ऐकतो.

बड्यांचे काय? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे टपाल, हाताळणी धरून एकूण किंमत तपशिलासह दाखवलीच पाहिजे. पैसे भरताना नवाच आकार उगवला, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आमच्या सौभाग्यवतींनी गेल्या आषाढात ती केली. ‘हाताळणी’चे ४५ रुपये मुकाट्याने परत आले.