फास्टॅग, पासपोर्ट आणि उद्याचा क्वांटम संगणक

अटल सेतूवर गाडी येते, रीडर काचेवरचा फास्टॅग वाचतो आणि टोल कापला जातो. जेएनपीए बंदरातल्या आयात-निर्यातीच्या कंटेनरवरही २०१६ पासून असेच आरएफआयडी टॅग लावले जात आहेत. उद्या क्वांटम संगणक आला, तर हे टॅग सुरक्षित राहतील का?

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या रेडिओलहरींतून मिळणाऱ्या किंचित ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. पैसे टॅगमध्ये नसतात, ते खात्यात असतात. त्यामुळे इथे जपायची ती मुख्यतः बँका आणि टोलनाक्यांमधली संगणकयंत्रणा. ती बदलणे खर्चाचे असले तरी शक्य आहे.

खरी अडचण जास्त काळ वापरात राहणाऱ्या चिपची आहे. उदाहरणार्थ, ई-पासपोर्ट. त्यातल्या चिपमध्ये धारकाची माहिती असते आणि ती अस्सल असल्याची ग्वाही सरकारची डिजिटल स्वाक्षरी देते. अशा स्वाक्षऱ्या आज ज्या गणितावर उभ्या आहेत, ते पुरेसा मोठा क्वांटम संगणक सोडवू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. तसा संगणक आज अस्तित्वात नाही. पण प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. दरम्यान तो संगणक आला, तर बनावट माहितीवरही अस्सल वाटणारी स्वाक्षरी करता येईल.

उपाय आहेत. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला तोंड देणारी तीन मानके जाहीर केली. मात्र सध्याची एक प्रचलित स्वाक्षरी ६४ बाइटची असते, तर नव्या ‘एमएल-डीएसए’ची सर्वांत लहान स्वाक्षरी २,४२० बाइटची, म्हणजे सुमारे ३८ पट. पासपोर्टची चिप हा भार कदाचित पेलेल. बॅटरी नसलेल्या स्वस्त टॅगला तो झेपणे कठीण. तिथे दोन्ही बाजूंना एकच गुप्त किल्ली ठेवण्याची पद्धत बरी. क्वांटम संगणक ती दुबळी करतो, मोडत नाही; किल्लीची लांबी दुप्पट केली की काम भागते.

केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. संगणक घडवण्याइतकीच त्यापासून बचावाची तयारीही हवी. बंदर असो वा टोलनाका, रीडर आणि सर्व्हर एकदा बसवले की वर्षानुवर्षे चालतात. म्हणून पुढच्या प्रत्येक निविदेत एक अट असावी: सुरक्षापद्धत नंतर बदलता आली पाहिजे. आज ही अट घालायला फारसा खर्च नाही. सगळी यंत्रणा उखडून पुन्हा बसवायला मात्र येईल.