सामावून घेणे म्हणजे समता नव्हे

आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत अमेरिका-युरोपने लिहायचे आणि बाकीच्या जगाने ते पाठ करून परीक्षा द्यायची, ही रीत बरीच वर्षे चालली. ही मक्तेदारी मोडायचे काम चिनी विचारवंतांनी मनावर घेतले, याचे स्वागतच केले पाहिजे. पण आपल्या अभ्यासवर्गांत काही तरुण मित्र आता म्हणू लागले आहेत, "पश्चिमेला खरे उत्तर चीनने दिले." मित्रांनो, ते उत्तर आधी तपासू या.

झाओ टिंगयांग यांनी 2005 साली 'त्यानश्या' म्हणजे 'आकाशाखालचे सर्व' ही कल्पना नव्याने मांडली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या झोऊ राजवटीचा दाखला देऊन ते म्हणतात, जग हे एकच घर मानावे, कोणालाही बाहेरचे ठरवू नये. छिन याछिंग यांचा भर नात्यांवर आहे. राष्ट्र हे सुटे बेट नसून संबंधांच्या जाळ्यातच ते घडते, असे ते सांगतात. त्सिंगह्वा विद्यापीठाचे यान श्वेतोंग यांना तर 'चिनी स्कूल' हे नावच मान्य नाही, कारण सिद्धांत सर्वांना लागू हवा. त्यांच्या मते महासत्तेचे नेतृत्व नैतिकतेवर टिकते. आणि प्राचीन विचारवंत शुन्झीच्या आधारे ते असेही मांडतात की, मोठ्यांनी जास्त जबाबदारी घेणारी श्रेणीबद्ध व्यवस्था संघर्ष कमी करू शकते.

इथे आपले कान टवकारले पाहिजेत.

'कोणीही बाहेर नाही' हे ऐकायला गोड आहे. पण गावगाड्यातही आपला समाज 'सामावलेला' होताच की! काम ठरलेले, जागा ठरलेली, वस्ती गावकुसाबाहेर. म्हणून व्यवस्थेत जागा आहे का, एवढे विचारून भागत नाही. ती जागा कोणी ठरवली आणि ती नाकारता येते का, हे विचारावे लागते.

नात्यांचेही तेच. कन्फ्यूशियसच्या परंपरेतली पाच नाती पाहा: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र. पाचपैकी चार नात्यांत एक वर, एक खाली. अशी नाती जगाला लावली, तर धाकटा भाऊ कोणी व्हायचे? 1407 साली मिंग सैन्याने व्हिएतनाम जिंकला आणि वीस वर्षे ताब्यात ठेवला. 2016 साली दक्षिण चीन समुद्राच्या वादात लवादाचा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला, तो चीनने धुडकावला. फूदान विद्यापीठाचे इतिहासकार गे झाओग्वांग यांनीही 'त्यानश्या'च्या गोड चित्राची इतिहासाच्या आधारे चिकित्सा केली आहे. म्हणजे हा प्रश्न चीनच्या आतूनही विचारला जातो.

याचा अर्थ पश्चिमेचे मॉडेल निर्दोष आहे असा नाही. समतेच्या गप्पा मारणाऱ्या संयुक्त राष्ट्रांत पाचच देशांना व्हेटो आहे. पण त्या पाचांत चीनही आहे, हे विसरू नका.

बाबासाहेबांनी कसोटी केव्हाच दिली आहे. एप्रिल 1954 मध्ये भारत-चीन करारात पंचशील आले. त्याच वर्षी 26 ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेबांनी सांगितले की, माओंचा पंचशीलावर विश्वास असता, तर आपल्याच देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळे वागवले असते. नैतिकता परराष्ट्र खात्याच्या भाषणात शोधायची नसते, दुबळ्यांशी होणाऱ्या वागण्यात शोधायची असते.

म्हणून चिनी विचारवंत जरूर वाचा. स्वतःच्या परंपरेतून जगाचा विचार करण्याची त्यांची हिंमत घ्या. पण 'पाश्चात्त्य नाही' एवढ्यावर कोणताही विचार मुक्तिदायी ठरत नाही. मनुस्मृतीही पाश्चात्त्य नव्हती!

जय भीम.