सातबाऱ्यावरचे नाव

लोककार्यात पडलेल्या स्त्रीचा गौरव करावयाचा झाला, म्हणजे शाल, श्रीफळ आणि व्यासपीठ यांपलीकडचे साधन आपल्या समाजास सहसा सुचत नाही. श्रीमती वैशाली येडे यांच्या बाबतीत तरी निराळे काय घडले, असे घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यातील माणसाने विचारले, तर त्यास कोणी उद्धट म्हणू नये. आमच्याच जिल्ह्यात, कळंब तालुक्यातील राजूर येथे राहणाऱ्या, 2011 साली पतीने आत्महत्या केल्यावर मुलांचा भार अंगावर घेऊन अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणाऱ्या या बाईंच्या हस्ते 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. लेखिका नयनतारा सहगल यांना धाडलेले निमंत्रण संयोजकांनी मागे घेतल्यामुळे रिकामी पडलेली ती जागा होती, हे विसरून चालणार नाही. तथापि उसन्यासारख्या चालून आलेल्या त्या मानाचा विनियोग त्यांनी मागे राहिलेल्या शेतकरी स्त्रीची कैफियत मांडण्याकडे केला, आणि सारस्वतांच्या त्या मेळाव्यास ती ऐकावी लागली. शेतकरी आत्महत्येचा घाव सोसलेल्या स्त्रियाच ज्यात भूमिका करतात त्या ‘तेरवं’ नाटकातही त्या उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक लढवून पराभूत झाल्या. (पराभवाचे नवल नाही, उमेदवारीचे मात्र आहे.)

मला बोलावयाचे आहे ते मात्र या गौरवाविषयी नव्हे, अशा स्त्रियांच्या जमिनीच्या दप्तराविषयी. विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने 1937 साली झाला खरा. पण शेतजमिनीचा वारसा हा प्रांतिक विषय असल्याने हा कायदा शेतजमिनीला लागू पडत नाही, असा निर्णय फेडरल कोर्टाने 1941 मध्ये दिला, म्हणजे खेड्यातील बाईची जी एकमेव दौलत, नेमकी तीच वगळली गेली. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नीस मुलांच्या बरोबरीने प्रथम वर्गाचा वारस ठरविले. 1986 साली चांदवडला लक्षावधी स्त्रिया जमवणारे शेतकरी नेते शरद जोशी यांनी नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन पतीच्या हयातीतच तिच्या नावे जमीन करून देण्याचा प्रघात पाडू पाहिला. इतके होऊनही ‘महिला किसान अधिकार मंच’ने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात केलेल्या पाहणीत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील सुमारे 40 टक्के विधवांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता, असे आढळले. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, सारे काही सातबारा पाहून दिले जाते. नाव नाही ती बाई आपल्याच शेतात मजूर ठरते.

यात मला सर्वांत खटकते ते असे. आत्महत्येनंतर पंचनामा होतो, तलाठी उतारे काढतो, कर्जाचे दाखले जमतात आणि एक लाखाच्या मदतीचा प्रस्ताव तहसील कचेरीतून जिल्हा समितीकडे जाऊन ‘पात्र’ वा ‘अपात्र’ असा शेरा घेऊन परततो. म्हणजे मृताची जमीन किती, वारस कोण, याची इत्थंभूत माहिती सरकारच्या टेबलावर असते. तरीही वारसाच्या फेरफारासाठी त्या बाईने पुन्हा निराळी वर्दी द्यावी, नोटिसांची मुदत भरावी आणि मंडळ अधिकाऱ्याच्या सहीसाठी खेटे घालावेत, हे कशासाठी? अशा स्त्रियांना साहाय्य करण्याविषयी 18 जून 2019 चा शासननिर्णय आहे. परंतु कागदाला पाय नसतात. मदतीचा प्रस्ताव आणि वारसफेरफार ही दोन्ही कामे एकाच मिसलीत, एकाच तारखेस सुरू व्हावीत, आणि मदतीस प्रकरण ‘अपात्र’ ठरले तरी फेरफार थांबू नये, एवढी तजवीज जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने होण्याजोगी आहे.

दीर आणि सासरे तक्रार करतील, भाऊबंदकी पेटेल, असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. अनेक ठिकाणी जमीन सासऱ्याच्याच नावे असते व मुलाचा हिस्सा वेगळा काढलेलाच नसतो. तेथे तंटा चालवावा लागेल. पण तक्रार नोंदवून तिचा निवाडा करणे हे महसूल खात्याचे नित्याचेच काम आहे. आज तो तंटा दप्तराबाहेर, घराच्या ओसरीवर मिटविला जातो, आणि तेथे पंच सासरकडचेच असतात.